कोणता नांगर?

चिखलदऱ्याहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. इथलं मोठं पाणी म्हणजे शक्कर तलाव, आणि त्यातलं जहाज म्हणजे पायडल मारायची बोट. बाकी गाविलगडचा किल्ला, भीमकुंड, धुकं आणि पावसाळ्यातली शनिवार-रविवारची गर्दी. अशा गावात मराठी शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली. माहेर दर्यापूरकडचं, म्हणजे खारपाणपट्ट्यातलं. नावात दर्या आहे, विहिरीचं पाणीही खारं आहे, फक्त समुद्र नाही. थोरली बहीण मात्र लग्न होऊन मालवणला गेली, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मीही तिकडे जात राहिले. काळ्या मातीत, सातपुड्याच्या दगडावर आणि मालवणच्या रेतीत, सगळीकडे एकच शब्द मला भेटत गेला: नांगर. त्याच्याशी झटापट करताना जे हाती लागलं ते इथे आकडे घालून लिहिते आहे. आकडे फक्त मोजायला आहेत. पहिलं ते थोर आणि शेवटचं ते किरकोळ असं काही नाही.

१. शब्द शिकवण्याआधी तो पोरांच्या घरी कोणत्या कामाला जुंपलेला आहे ते विचारून घ्यावं.

फळ्यावर वाक्य होतं, ‘जहाज बंदरात नांगरले.’ वर्गात निम्मी पोरं कोरकू घरची, काही गवळ्यांची, काही खाली परतवाड्याकडून आलेली वऱ्हाडी, दोन-चार दुकानदारांची. घरात ज्याची त्याची भाषा, बाजारात सगळ्यांची हिंदी. त्यामुळे बंदर म्हटलं की या पोरांना एकच प्राणी आठवतो. चिखलदऱ्यात तो दुर्मीळ नाही. काळ्या तोंडाची वानरं शाळेच्या पत्र्यावर धावतात आणि पर्यटकाच्या हातातला भुट्टा त्याच्या डोळ्यांदेखत नेतात.

एका पोराने हात वर केला. ‘मॅडम, बंदरात जहाज कसं जाईन?’ वर्ग हसला. तेवढ्यात मागच्या बाकावरून दुसरा उठला. तो शेतकऱ्याचा मुलगा होता आणि त्याला बंदराचं काही घेणंदेणं नव्हतं. त्याचा प्रश्न जास्त खोल होता. ‘अन् पाण्यात नांगरतेत कायले जी? थ्या पाण्यात का पराटी पेरतेत?’

या प्रश्नावर हसणं सोपं आहे. पण जरा थांबून बघा, वाक्य त्याला पूर्ण समजलं होतं. नांगरणे हे क्रियापद त्याने घरी वैशाखात पाहिलेलं होतं. नांगरलं की पेरायचं, हा क्रमही त्याला ठाऊक होता. न कळलेलं काही नव्हतं; त्याच्याजवळ आधीच एक पक्का अर्थ होता आणि पुस्तकाने त्याला न विचारता दुसरा आणून ठेवला होता. तेव्हापासून मी धडा सुरू करण्याआधी कठीण शब्दांचे अर्थ सांगणं बंद केलं आणि सोप्या शब्दांचे अर्थ विचारायला लागले. कठीण शब्दाला पोरं स्वतःहून अडतात. सोप्या शब्दावरून ती आत्मविश्वासाने भलत्याच गावाला जातात.

मध्य प्रदेशच्या सीमेकडून आलेल्या पोरांना ‘बखर’ म्हणजे शेतातला वखर. भाऊसाहेबांची बखर हे नाव ऐकून त्यांच्यातला एक म्हणाला होता, ‘भाऊसाहेबांकडे वावर किती होतं?’

२. लिंग बघावं, मग क्रियापद बघावं, आणि तरी भागलं नाही तर जागा बघावी.

मराठीत पाण्यावरचे शब्द फसवे आहेत. ते बोट हाताला असतं, ती बोट शक्कर तलावात असते. ते नाव आईबाप ठेवतात, ती नाव नावाडी वल्हवतो. ही दोन्ही भांडणं लिंगाने मिटतात. ‘तो’, ‘ती’, ‘ते’ एवढं विचारलं की पोरं लगेच बरोबर बोलतात, कारण हे व्याकरण त्यांना पुस्तकाने दिलेलं नसतं.

नांगराची मात्र पंचाईत आहे. शेतातला तो नांगर आणि जहाजावरचाही तोच नांगर, दोघे पुल्लिंगी. मग क्रियापदाकडे जावं लागतं. शेतकरी नांगर धरतो, हाकतो, जुंपतो, सोडतो. खलाशी नांगर टाकतो, उचलतो. वादळात नांगर घसरतो. मी पोरांना बरीच वर्षं हेच सांगत असे, धरला तर शेतातला, टाकला तर समुद्रातला. ट्रॅक्टर आल्यावर हा नियमही ढिला पडला. आता गावात सर्रास ऐकू येतं, ‘काल वावरात नांगर टाकला.’ ट्रॅक्टरमागचा नांगर खरोखर खालीच सोडतात, हायड्रॉलिकचा दांडा दाबून. शब्द बरोबर आहे. म्हणून शेवटी जागाच विचारावी लागते, वावरात की खाडीत.

नांगरणे या क्रियापदाची गंमत तर आणखी पुढची. नांगरलेलं शेत म्हणजे काम सुरू झालं. नांगरलेलं जहाज म्हणजे काम थांबलं. इतकं उलट चालणारं क्रियापद रोजच्या बोलण्यात राहिलं आणि कुणाचं अडलं नाही, याचं कारण साधं आहे. शेत आणि जहाज एकाच माणसाच्या दारात सहसा नसतात.

३. व्युत्पत्ती सांगावी, पण शेवटी, आणि थोडीच.

शेतातला नांगर संस्कृत ‘लाङ्गल’पासून आला. जहाजावरचा आला फारसी ‘लंगर’पासून. दोघांच्याही सुरुवातीच्या ‘ल’चा मराठीने ‘न’ केला आणि दोघे एकाच रूपात येऊन बसले. ल आणि न यांची अदलाबदल आपल्याकडे नवी नाही. नवनीताचं लोणी झालं, निंबाचं लिंब झालं. एवढं सांगितलं की पुरे. धड्याच्या सुरुवातीलाच हे काढलं तर वर्ग झोपतो. शेवटी सांगितलं तर हुशार पोरं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतात.

४. दोन अर्थांत फरक शोधून झाला की साम्यही शोधावं. ते बहुतेक वेळा वस्तूतच सापडतं.

हा धडा मला मालवणला मिळाला. भाऊजींच्या काकांची लहान होडी होती, किनाऱ्यापासून फार लांब न जाणारी. नांगर चार नखांचा, लोखंडी, एका हाताने उचलता येईल इतकाच. मला वाटे, होडीला जखडून ठेवायचं म्हणजे नांगर जड हवा. काकांनी तो पाण्यात सोडला आणि मग दोर सोडत राहिले. दोर ते वावांत मोजत. दोन्ही हात पसरायचे, या हाताच्या बोटांपासून त्या हाताच्या बोटांपर्यंत एक वाव. पाणी तीन वावही नसेल, दोर मात्र वीस वावांच्या आसपास गेला. एवढा कशाला, असं विचारल्यावर ते हातातलं काम न सोडता म्हणाले, ‘दोर आखडतो घेतलस तर नांगर बसूचो नाय.’

मग त्यांनी समजावून सांगितलं. दोर तोकडा असला की होडी नांगराला वर ओढते आणि नखं तळातून सुटतात. दोर लांब असला की ओढ आडवी लागते आणि आडव्या ओढीने नखं आणखी खोल रुततात. होडी जितकी ओढेल तितका नांगर बसत जातो. निघायच्या वेळी उलट करायचं. दोर गोळा करत होडी बरोबर नांगराच्या डोक्यावर आणायची आणि सरळ वर खेचायचं. मघाशी जो हलत नव्हता तो आता सहज येतो. तळ मात्र बघायचा. चिखल आणि रेती धरून ठेवते. कातळावर नांगर एक तर घसरतो, नाही तर फटीत असा अडकतो की दोर कापून यावं लागतं.

मी ऐकत होते आणि मला माझे बाबा दिसत होते, लाकडी नांगरामागे चालणारे. लाकडी नांगराला खोली कमी-जास्त करायचा वेगळा पेच नसतो. जू हाळिसावर पुढेमागे बांधायचं, एवढंच. जू टोकाकडे सरकवलं की हाळीस खाली झुकते, फाळाचं तोंड जमिनीत शिरतं आणि तास खोल जातो. जू फाळाच्या जवळ घेतलं की हाळीस वर उठते आणि नांगर वरवर चालतो. बैलांचं बळ तेच, फाळ तोच. बदलतो तो फक्त ओढीचा कोन. आणि बांधाशी आल्यावर नांगर काढायचा तर बाबा रुमणं धरून तो वर उचलत. ओढ आडवी तर रुततो, उभी तर सुटतो. मालवणच्या काकांनी माझ्या बाबांना कधी पाहिलं नव्हतं. दोघांची बोली एकमेकांना धड कळली नसती. हाताला मात्र दोघांनाही एकच गोष्ट माहीत होती.

पुढे वाचनात आलं की १९३३ साली जी. आय. टेलर नावाच्या केंब्रिजच्या शास्त्रज्ञाने एक नवा जहाजी नांगर बनवला. द्रवपदार्थांच्या गतिशास्त्रातलं हे मोठं नाव, आणि माणूस शिडाच्या होडीचा शौकीन. जुने नांगर वजनाने फार जड, म्हणून त्याने कमी वजनात जास्त पकड मिळवायचं ठरवलं. त्यासाठी त्याने नांगराला चक्क शेतातल्या फाळाचा आकार दिला. तो तळात रुतून शेत नांगरल्यासारखा आत जातो. ‘सीक्यूआर’ या नावाने तो जगभर विकला गेला, आणि इंग्रजीतही त्या जातीच्या नांगराला शेतातल्या नांगरावरूनच ओळखतात. म्हणजे इंग्रजीत ज्या दोन वस्तूंना दोन वेगळे शब्द आहेत, त्या एका गणितज्ञाने विसाव्या शतकात एकत्र आणल्या. मराठीने ते आवाजाच्या योगायोगाने कधीचंच करून ठेवलं होतं. मराठीची थोरवी गायला मी हे सांगत नाही. योगायोग तो योगायोगच. पण पाण्यात कायले नांगरतेत, या प्रश्नाला माझ्याकडे शेवटी खरं उत्तर आलं: तळाची जमीन धरायला.

शाळेच्या मैदानात हे करून दाखवता येतं. कुदळीला दोर बांधायचा, पाऊस पडून मऊ झालेल्या जमिनीत तिचं टोक टेकवायचं. एकाने उभं राहून जवळून ओढायचं, दुसऱ्याने लांब जाऊन, वाकून, दोर जमिनीलगत ठेवून ओढायचं. जवळून ओढणाऱ्याच्या हातात कुदळ उडून येते. लांबचा ओढून दमतो आणि कुदळ गाडली जाते. त्या दिवशी तास संपल्याची घंटा पोरांना ऐकूच येत नाही. पाय मात्र मागे ठेवायला सांगा.

५. वस्तू दाखवता येत असेल तर व्याख्येच्या मागे लागू नये.

२ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विक्रांत ही विमानवाहू नौका दाखल झाली, त्याच दिवशी नौदलाचा ध्वज बदलला. जुन्या ध्वजावरचा इंग्रजी वळणाचा लाल क्रूस गेला आणि निळा अष्टकोन आला. त्याची प्रेरणा शिवछत्रपतींच्या मुद्रेची. त्या अष्टकोनात भारताच्या राजमुद्रेखाली नांगर आहे आणि तळाशी ‘शं नो वरुणः’. वर्तमानपत्रातलं चित्र मी वर्गात लावलं. हा नांगर आहे म्हटल्यावर पोरं संशयाने बघायला लागली. ‘याले रुमणं कुठी हाय?’

मी शेजारच्या घरून विहिरीचा गळ मागून आणला. बादली विहिरीत पडली की ज्याने काढतात तो, दोरीला टांगलेला, आकड्यांचा लोखंडी झुबका. समुद्रातला लहान नांगर हुबेहूब तसाच दिसतो, फक्त नखं जाड. ‘हा तर गळ!’ पोरं एकदम म्हणाली. हो, पण हा काढायला सोडत नाहीत, धरून राहायला सोडतात. तेवढं एक वाक्य जोडलं आणि ध्वज समजला. नळ आल्यापासून गळ घरोघरी उरलेला नाही. तुमच्याकडे असेल तर भंगारात देऊ नका, शाळेला द्या.

६. आपल्या मुलखातला नांगर तरी आपल्याला नीट माहीत आहे का, तेही तपासावं.

पुस्तकातलं शेतकऱ्याचं चित्र नेहमी नांगरासहित असतं. १९७७ साली जनता पक्ष ज्या चिन्हावर लढला, त्यातही चक्रात उभा शेतकरी आहे आणि त्याच्या खांद्यावर नांगर. वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीचा रोजचा गडी मात्र नांगर नव्हे, वखर. ही जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पावसात फुगते, स्वतःलाच उलथवून घेते. जुने लोक दरवर्षी नांगरत नसत. कुंदा किंवा हराळी फार माजली की काही वर्षांनी एकदा खोल नांगरट, एरवी वखराच्या पाळ्या. मग तिफणीने पेरणी, मग डवरणी. वखर, तिफण, डवरा हे तीन शब्द पुण्याकडच्या पाहुण्याला सांगून बघा. तो तिन्हींना नांगर म्हणेल. मेळघाटात उतारावर हलकी, मुरमाड जमीन. तिथला कोरकू शेतकरी लहान बैलांचा हलका नांगर वापरतो, आणि आपल्याशी बोलताना त्याला ‘हल’ म्हणतो.

लोखंडी नांगराची हकीकत मी पोरांना आवर्जून सांगते, कारण ती शब्दाची नाही, विश्वासाची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीला विष चढेल या भीतीने शेतकरी त्याला हात लावीनात. पहिलं गिऱ्हाईक मिळायलाच दोन वर्षं गेली. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली ती याच नांगराच्या जोरावर.

आणि एक अर्थ असा आहे जो शिकवावा लागत नाही. गावावर गाढवाचा नांगर फिरवला म्हणजे गाव उजाड केलं. पुण्याच्या बाबतीत मुरार जगदेवाची ती गोष्ट सांगतात, आणि मागाहून तिथे सोन्याचा नांगर फिरला तीही. आमच्या पोरांना इतिहासात जायची गरज पडत नाही. भाव पडला किंवा रोग आला की उभ्या पिकात नांगर घातल्याची बातमी त्यांच्याच तालुक्यातून येते. एका मुलीने वाक्यात उपयोग करताना लिहिलं होतं, ‘बाबांनी सोयाबीनवर नांगर फिरवला आणि त्या दिवशी कोणी जेवलं नाही.’ मी बरोबरची खूण केली. आणखी काय करणार?

७. लंगर मराठीत नुसता बदलून गेला नाही, मूळ रूपातही राहिला.

हत्तीच्या पायातला साखळदंड लंगर. खंडोबाच्या जत्रेत वाघ्या तोडतो ती साखळी लंगर. अकोल्याहून पूर्णामार्गे नांदेडला गेलात तर सचखंड गुरुद्वाऱ्यात पंगतीला बसून जेवाल तोही लंगर. आणि संक्रांतीला दोऱ्याच्या टोकाला खडा बांधून दुसऱ्याचा पतंग ओढणारी पोरं ज्याला लंगर म्हणतात तो तर आमच्या लहानपणी मारामारीचंच कारण होता. या चारांपैकी एकालाही पाण्याची गरज नाही.

८. शब्द समुद्र सोडून आला म्हणून खोटा ठरत नाही.

‘माझे आजोबा’ या निबंधात एका मुलाने लिहिलं, ‘माझे आजोबा खलाशी होते. ते अचलपूरला राहत. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता.’ निबंध तपासायला घेतलेल्या बाहेरच्या एका परीक्षकाने शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ मारली. मी ती खोडली. रेल्वेत खलाशी हे पद आहे आणि ते पिढ्यान् पिढ्या आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही आमची नॅरोगेज शकुंतला ज्यांच्या जिवावर चालली त्यांत असे खलाशी होते. जहाजावर दोर ओढणारी, कप्पी चालवणारी, जड ओझं जागचं हलवणारी माणसं असत. रेल्वेला, धरणाला, पूल बांधणाऱ्याला तशाच माणसांची गरज पडली आणि कामासोबत नावही डोंगर चढून आलं. केरळात बेपूरचे मापिला खलाशी अजून जहाज किनाऱ्यावर ओढतात, आणि रेल्वेचे डबे पाण्यात पडले तेव्हा ते काढायला त्यांनाच बोलावलं होतं. तो मुलगा खरं तेच लिहीत होता. परीक्षकाला फक्त एकच खलाशी माहीत होता, गाण्यातला.

सुकाणूचंही तेच. जिल्हा परिषदेच्या सभेत ‘सुकाणू समिती’ नेमतात तेव्हा कुणी पाण्याकडे बघत नाही. आमच्या हरिकेन पॉइंटवर उभं राहून कॅरिबियन समुद्र तरी कोण आठवतं? हरिकेन म्हणजे माझ्या आजीच्या लेखी काच पुसून ठेवायचा कंदील होता.

९. शोभेसाठी समुद्र आणू नये.

निरोप समारंभ असला की माइकवर हमखास ‘संस्थेची नौका’ येते. तिला ‘वादळवाऱ्यातून पैलतीरी’ नेलेलं असतं, मुख्याध्यापक ‘कर्णधार’ असतात, विद्यार्थी ‘ज्ञानाच्या बंदरी’ लागलेले असतात. बोलणाऱ्याने अलिबागही पाहिलेलं नसतं, ऐकणाऱ्याने शक्कर तलावापलीकडचं पाणी. माझा समुद्रावर राग नाही. पण ज्या शब्दाखाली दोर कुठे आणि तळ कुठे हे बोलणाऱ्याला सांगता येत नाही, तो शब्द त्याने वापरू नये. आमच्याकडे आहेत की सांगायच्या गोष्टी. घाटातल्या एस. टी. ड्रायव्हरची उपमा द्या, पावसाळ्यातल्या घटांग-सेमाडोहच्या रस्त्याने मुख्याध्यापकांना न्या. सगळ्यांना कळेल, आणि हसूही येईल.

१०. इंग्रजी शब्द आला की त्यालाही तोच प्रश्न विचारावा: कोणता?

नांगराला इंग्रजीत अँकर म्हणतात हे आमच्या पोरांना शेवटी कळतं. त्याआधी त्यांना बाकीचे सगळे अँकर भेटून गेलेले असतात. वायरमन विचारतो, ‘मॅडम, अँकरचं बटन लावू का साधं?’ स्नेहसंमेलन जवळ आलं की शिक्षकांच्या खोलीत ‘अँकरिंग कोण करते?’ यावरून रुसवे होतात. टीव्हीवर ओरडतो तो अँकर. वर्तमानपत्रात पहिल्या पानाच्या तळाशी जी ठळक बातमी असते तिलाही अँकर म्हणतात. आमच्या एका माजी विद्यार्थ्याची बातमी तशी लागली तेव्हा त्याने फोनवर सांगितलं, ‘मॅडम, अँकर लागली माझी!’ आणि घरी सगळ्यांनी बोर्ड तपासले. भिंतीत पोलादी बोल्ट आवळून टाकी बसवणारा मिस्त्रीही अँकरच मागतो.

पण चिखलदऱ्यात ज्या अँकरवर जीव टांगलेला असतो तो दोराचा. मी निसर्ग शिबिरांत पोरांना घेऊन जात असे. तिथे कड्यावरून दोराने उतरवतात, आणि दोर वर ज्याला बांधतात त्या जागेला अँकर म्हणतात. शिबिरातल्या प्रशिक्षकाने पहिल्यांदा सगळं बांधून दाखवलं तेव्हा मला मालवणचे काका आठवले, कारण इथेही सगळा कारभार ओढीच्या कोनाचाच होता. अँकर एकच ठेवत नाहीत. कमीत कमी दोन, एक सुटला तरी दुसरा स्वतःच्या बळावर धरेल असे. एक जिवंत, जाड, मुळं खोल गेलेलं झाड, दुसरा पक्का कातळ. दोन्हींकडून येणारे पट्टे जिथे जुळतात तिथला कोन ६० अंशांच्या आत ठेवतात. तो फाकत गेला की प्रत्येकावरची ओढ वाढत जाते आणि १२० अंशांवर दोघांपैकी प्रत्येकावर पूर्ण वजन येतं. म्हणजे दोन अँकर लावूनही वाटणीचा फायदा शून्य. आमचा दगड काळा बेसाल्ट, वरून भक्कम दिसणारा. पावसाळ्यात त्याच्या सांध्यांत पाणी शिरतं, माती वाहून जाते, आणि घरापेक्षा मोठा धोंडा नुसता टेकलेला असू शकतो. म्हणून प्रशिक्षक कातळावर हातोडी मारून आवाज ऐकत होता. भरीव आवाज आला तरच तिथे पट्टा गुंडाळायचा.

तेव्हा सुट्टीत चिखलदऱ्याला याल, आणि एखाद्या कड्यावर कुणी हेल्मेट देऊन म्हणेल की या, दोरावरून उतरा, तर फोटोसाठी उभं राहण्याआधी मागे वळून विचारा: अँकर किती आहेत, आणि कशाला बांधलेत? तो माणूस चांगला असेल तर हौसेने दाखवेल. एकच असेल, किंवा प्रश्नाचा त्याला राग आला, तर हेल्मेट परत करा आणि उतरू नका.